दोन साचे आणि मधली बोळ

आमच्या बाबांनी कॉम्प्युटरला कधी कॉम्प्युटर म्हटलं नाही. ते त्याला साचा म्हणायचे. खरं तर 'साचो', कारण परळच्या गिरणीत सगळं तरुणपण घालवूनही त्यांची जीभ मालवणातच राहिली होती. साचा म्हणजे गिरणीतला माग, ज्याच्यावर कापड विणतात. सकाळी मी बटण दाबलं की ते आईला सांगायचे, "साचो लागलो." दुपारी जेवायला बंद केलं की लगेच प्रश्न, "साचो बंद कित्याक?" माझी पंचविशी उलटली होती, यंत्र माझ्या कमाईचं होतं, आणि तरी ते बंद का, चालू का ह्याचा जाब मला द्यावा लागायचा. मी चिडायचे. चिडून उपयोग नसायचा, कारण त्यांना ते चिडणं कळायचंच नाही. गिरणीत जॉबर, म्हणजे साच्यांवरचा मुकादम, विचारायचा तसं ते विचारत होते, आणि जॉबरवर कुणी चिडत नसतं.

गिरण्यांचा संप झाला तेव्हा मी पहिलीत होते. पुढे कुणी कामावर परतले, कुणी गावाला गेले, कुणी नाक्यावर गाड्या टाकल्या. बाबा कुठेच गेले नाहीत. संप मागे घेतला असं त्यांना कुणी येऊन सांगितलं नव्हतं, म्हणून ते संपावरच राहिले. असं आम्ही थट्टेने म्हणायचो. थट्टा पहिली काही वर्षं चालली, मग कुणाला हसू येईना. आई परळच्या एका हॉस्पिटलात आया म्हणून लागली आणि तिच्या पाळ्यांवर आमचं घर चाललं. बाबा लालबागच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत राहिले. मी शाळेतून आले की ते घरात, कॉलेजातून आले की ते घरात, आणि नंतर मीही घरातच कामाला बसले तेव्हा तर आम्ही दोघं दिवसभर घरात.

काम होतं फोटो सुधारायचं. दादरचा एक फोटोग्राफर लग्नाचे फोटो सीडीत भरून द्यायचा आणि मी त्यांचे अल्बम लावायचे. नवरीच्या गालावरची पुटकुळी पुसायची. करवलीच्या मागे दिसणारा केळ्यांचा घड काढायचा. नवऱ्याच्या मामाने नेमके डोळे मिटले असतील तर दुसऱ्या फोटोतले त्याचेच उघडे डोळे आणून बसवायचे. हे काम मला आवडायचं. एक तास एका चेहऱ्याकडे बघितलं की तो चेहरा आपल्या नात्यातला वाटायला लागतो. जमत होतं, नाव होत होतं. पण त्या वर्षी मला हवी होती ती गोष्ट एकच, खोलीच्या बाहेर बसून हे काम करता येईल अशी एक खुर्ची. घराबाहेर कुठेही. पगार कमी चालला असता.

ती खुर्ची दिसत नव्हती म्हणून मी घरातच थोडी सोय करायला निघाले. माझा एकच मॉनिटर, तोही जुन्या पद्धतीचा, पाठीमागे हे एवढं पोट सुटलेला. त्याच्यावर फोटो उघडला की अर्धी जागा हत्यारांच्या खिडक्या खायच्या. रंगांची खिडकी नवरीच्या तोंडावर, थरांची खिडकी भटजींच्या पोटावर. एक बाजूला सारावी तर दुसरी पुढे येई. फोटोग्राफर म्हणाला, "दुसरा मॉनिटर लाव ना. एकावर फोटो ठेव, दुसऱ्यावर हा सगळा पसारा." दोन तोंडं असलेलं कार्ड मी लॅमिंग्टन रोडवरून आणलं. मॉनिटर मिळाला फोर्टातल्या एका बंद होणाऱ्या ऑफिसातून, माझ्या पहिल्याइतकाच पोटाळ. टॅक्सीतून तो उतरवला तेव्हा बाबा खाली उभेच होते. मी हमाल बघू लागले, तर ह्या माणसाने ते धूड खांद्यावर घेतलं आणि एका दमात तीन मजले चढून गेला. वर पोचल्यावर धापसुद्धा नाही.

"ह्यो दुसरो साचो?" त्यांनी विचारलं.

"हो."

"म्हंजे आता दोन साचे."

त्यांचा चेहरा उजळला. मला वाटलं, नवी वस्तू घरात आली म्हणून. मी गडबडीत होते, दादरला सीड्या पोचवायच्या होत्या. कार्ड बसवून झालं होतं. मॉनिटर शेजारी शेजारी ठेवायचे तर माझं टेबल अपुरं होतं. एका अंगाला कपाट, दुसऱ्या अंगाला मोरी. कपाट हलवायला लागणार होतं. "आल्यावर बघू," असं म्हणून मी निघाले.

परत आले ती संध्याकाळी. दारातूनच दिसलं की कपाट जागच्या जागी आहे आणि काम झालेलं आहे. चाळीतला एक सुतार बाबांचा गिरणीपासूनचा दोस्त. त्याला बोलावून बाबांनी समोरच्या भिंतीला लोखंडी कोन ठोकले होते, त्यांवर जाड फळी, आणि फळीवर दुसरा मॉनिटर. माझं टेबल त्या फळीपासून हातभर अंतरावर ओढून आणलं होतं, म्हणजे एक मॉनिटर टेबलावर, दुसरा फळीवर, एकमेकांकडे तोंड करून. मधे माझं स्टूल. गोल फिरणारं, सुताराने कुठूनसं आणलेलं. केबल वरून न्यायला पुरत नव्हती म्हणून बाबांनी जोडकेबल आणून ती कपडे वाळत घालायच्या दांडीवरून नेली होती. एका बाजूला आईचं पातळ, दुसऱ्या बाजूला बाबांचा लेंगा, आणि मधून माझी केबल.

"बस," बाबा म्हणाले.

मी बसले.

"हेका म्हणतत साचेखातो," ते सुताराला म्हणाले, आणि दोघंही हसले.

मग मला समजावून सांगितलं. साचेखातं म्हणजे गिरणीतला विणकामाचा विभाग. गिरणीत विणकराला दोन साचे असत. समोरासमोर. विणकर मधल्या बोळीत उभा. एकाचा धागा तुटला की इकडे वळायचं, दुसऱ्याचा धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा तो लाकडी तुकडा, अडकला की तिकडे वळायचं. एक पाऊलही टाकावं लागत नाही, नुसतं वळायचं. शेजारी शेजारी कधी कुणी साचे लावतं का? बाबांच्या बोलण्यात मला शंकेला जागाच दिसेना. एवढ्या वर्षांनी त्यांनी काहीतरी उभं केलं होतं, बोटांना खरचटलेलं होतं, आणि आईने चहाबरोबर सुताराला बेसनाचा लाडू दिला होता. कोन भिंतीत पार आतपर्यंत गेले होते. मी म्हटलं, "छान झालंय."

झालं, आता भोगा आपल्या कर्माची फळं.

कॉम्प्युटरला हे सगळं ठाऊक नव्हतं. त्याच्या लेखी दुसरा पडदा पहिल्याच्या उजव्या अंगाला होता. म्हणून बाण उजवीकडे ढकलत नेला की तो पहिल्या पडद्याच्या काठावरून नाहीसा व्हायचा आणि माझ्या पाठीमागे उगवायचा. मी गर्रकन वळायचे. वळल्यावर माउस राहायचा पाठीमागच्या टेबलावर. मग हात मागे, तोंड पुढे, आणि नवरीच्या भुवईचा केस नेमका पुसायचा. बाबांनी त्यावरही तोड काढली. पोळपाट आणून माझ्या मांडीवर ठेवला आणि माउस त्याच्यावर. चपात्या करायच्या वेळी आई यायची, माउस उचलून माझ्या हातात द्यायची आणि पोळपाट घेऊन जायची. तेवढा वेळ मला सुट्टी.

बाण दिसेनासा झाला की बाबा स्टुलामागे उभे राहून शोधायचे. "धोटो खय गेलो गो?" दोन्ही पडद्यांकडे आळीपाळीने बघायचे. सापडला की आनंदाने, "हयसर आसा, हयसर!" त्यांना खरंच धोट्यासारखंच वाटत असणार ते, इकडून तिकडे जाणं, तिकडून इकडे येणं. सुरुवातीला मलाही गंमत वाटली. नंतर माझ्या खांद्यामागून येणारा तो आवाज ऐकला की दातावर दात बसायचे.

एका पडद्यावर नवरी पिवळी दिसे आणि दुसऱ्यावर निळसर. शेजारी शेजारी असते तर एकाच नजरेत फरक दिसला असता आणि रंग जुळवता आले असते. इथे निळी नवरी डोळ्यांत साठवायची, वळायचं, आणि पिवळी बघेपर्यंत निळी विसरून जायची. छापून आलेला एक अल्बम हातात धरून मी कितीतरी दिवस वळत बसले. शेवटी ठरवलं की रंग फक्त टेबलावरच्या पडद्यावर बघायचे, मागचा नुसता पसाऱ्याला. तरी मागच्यावर अक्षरांना सावल्या पडायच्या, केबल फार लांब गेली होती म्हणून. आणि काचेवर उजेड पडू नये म्हणून एकुलत्या एका खिडकीला छत्रीचं काळं कापड लावलं. खिडकी गेली, वारा गेला. पुढे एक धगधगता डबा, मागे एक धगधगता डबा, वर लेंगा आणि पातळ. इकडे आड तिकडे विहीर हे मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिलं होतं, त्यात आता बसून होते.

त्या बोळीतून बाहेर पडायचं तर स्टूल मागच्या फळीला घासून तिरपं व्हायचं आणि पाय काढायचा. ह्याचा आवाज व्हायचा. आवाज झाला की बाबा हातातला पेपर खाली घेत. "खय चललंस?" संडासला जायचं असलं तरी सांगून जायचं. गॅलरीत शेजारणीशी दोन शब्द बोलत उभी राहिले की आतून हाक, "साचे नुसतेच चलतत गो!" त्यांना वाटायचं, न बघता सोडले तर बिघडतील. रविवारी मी मैत्रिणीबरोबर माटुंग्याला जायचं म्हटलं तर म्हणाले, "खाडो नको करू." खाडा म्हणजे गैरहजेरी. आपल्या घरात, आपल्या स्टुलावर मी गैरहजर राहिले असते.

त्यांनी मला कधी रागावून काही म्हटलं नाही, हीच तर पंचाईत. दर तासाला पाणी आणून द्यायचे. मान दुखते म्हटलं की तेल गरम करून वाटी जवळ ठेवायचे. चाळीत कुणी भेटलं की सांगायचे, "चेडू आता कायम झाला." एकदा ते ऐकून मी विचारलं, "कायम म्हणजे काय? माझी कुठे नोकरी आहे?" तेव्हा त्यांनी सांगितलं. गिरणीत नवा माणूस लागला की तो बदली. रोज सकाळी दरवाजावर उभं राहायचं, कुणाचा खाडा असेल तर त्याच्या साच्यावर त्या दिवसापुरतं काम. असं वर्षानुवर्षं. मग कधीतरी स्वतःच्या नावाचे दोन साचे मिळत, आणि माणूस कायम होई. त्यानंतर त्याला कुणी हलवू शकत नसे. "माका किती वर्सां लागली," ते म्हणाले, "तुका घरबसल्या गावले."

मी पोळपाटावर माउस फिरवत राहिले. कायम हा शब्द माझ्या अंगावर काटा आणून गेला.

खुर्ची मिळाली ती अचानक. दादरच्या फोटोग्राफरने माझं काम गिरगावातल्या एका स्टुडिओवाल्या बाईंना दाखवलं होतं. त्यांनी भेटायला बोलावलं. मी बाबांना सांगितलं की सीड्या द्यायला जाते. जुन्या इमारतीचा पहिला मजला, उंच छत, भिंती मुद्दाम राखाडी रंगवलेल्या, म्हणजे पडद्यावरच्या रंगांत भिंतीचा रंग मिसळत नाही. टेबलावर दोन सपाट नवे मॉनिटर, शेजारी शेजारी, काठाला काठ लावून. बाईंनी माझ्या हातात माउस दिला. मी एका पडद्यावरचा फोटो धरला आणि उजवीकडे सरकवला. तो सरळ पलीकडे गेला. मान हलवावी लागली नाही. दोन्हीकडे नवरीचा रंग एकच होता.

"काय झालं?" बाईंनी विचारलं. माझे डोळे भरले होते.

"काही नाही. बरं वाटलं."

त्या हसल्या. मला एक फोटो करायला दिला, मागे उभ्या राहून बघितला, पण माझ्या खांद्यावरून नव्हे, अंतर ठेवून. मग म्हणाल्या, "ही खुर्ची तुझी. पहिल्या तारखेपासून ये. आधी फोन करून पक्कं सांग, म्हणजे मी दुसऱ्या मुलीला थांबवून ठेवणार नाही." मी पायऱ्या उतरले तेव्हा माझी पावलं अशी पडत होती की रस्त्यावरच्या माणसाने वळून बघावं. बसमध्ये खिडकीपाशी बसले आणि लालबागपर्यंत डोकं बाहेरच ठेवलं.

आईला आधी सांगितलं, हॉस्पिटलच्या फाटकापाशी, तिची पाळी सुटताना. तिने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"तू जा गो," ती म्हणाली. "तुझ्या बापाशीक काम देता देता माझा अर्धा आयुष्य गेला."

"म्हणजे?"

"मी खड्याचे तांदूळ कित्याक आणतंय? दुकानात निवडलेले गावनत नाय?"

मी इतकी वर्षं ते तांदूळ बघत होते. बाबा सकाळी सूप घेऊन बसायचे, खडे एका वाटीत टाकायचे आणि आईला वाटी दाखवायचे. आई म्हणायची, बापरे, केवढे! मला वाटायचं आई चिक्कू आहे, स्वस्तातलं आणते.  चाळीच्या जिन्यापाशी ती थांबली आणि म्हणाली, "माझ्याकडे बघून थांबू नको. मी सांगतंय, जा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सांगायचं ठरवलं. आई कामावर होती. बाबा पडदे पुसत होते. रोज दुपारी पुसायचे, जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने, आधी कोरडं, मग किंचित ओलं, मग पुन्हा कोरडं. मी स्टुलावर बसले होते. ते माझ्या पुढे होते आणि थोड्या वेळाने मागे जाणार होते.

"बाबा, मला गिरगावात काम मिळालंय. स्टुडिओत. पहिल्या तारखेपासून रोज जायचंय."

फडकं थांबलं नाही.

"हय तुझ्या नावार दोन साचे आसत," ते म्हणाले. "थय कोणाच्या साच्यार बदली जातलंस?"

"बदली नाही, बाबा. पगारी नोकरी आहे."

"साचे कोणाचे?"

"त्यांचे."

"मगे बदलीच ती."

माझा तोल गेला. मी म्हणाले की हे साचे नाहीत, हे मॉनिटर आहेत, हे असे समोरासमोर कुणी लावत नाही, सगळ्या मुंबईत फक्त आमच्या घरात असे आहेत, माझी मान मोडली, मला ह्या खोलीत श्वास घेता येत नाही. संडासला जायला मला तुमची परवानगी लागते. मी मोठ्याने बोलत होते आणि उभं राहायला बघत होते, पण घाईत स्टूल फळीत अडकलं आणि मला उठताच येईना. भांडताना माणसाला निदान उभं राहता आलं पाहिजे. मी बसल्या बसल्या ओरडत राहिले.

बाबा फडकं घेऊन उभे होते. ते चिडतील असं मला वाटलं होतं, आणि मला तेच हवं होतं. ते चिडले असते तर मी त्याच पावली चप्पल घालून निघाले असते. त्यांनी फडक्याची घडी घातली. मग वाकून माझं स्टूल सोडवलं, थोडं ओढून मला वाट करून दिली. मी उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत माझ्याविषयी काहीच नव्हतं. गल्लीत वाट चुकलेला माणूस भेटेल त्याला पत्ता विचारतो, तसं त्यांनी मला विचारलं,

"मगे मी काय करू दिसभर?"

रागाने नाही, रुसून नाही. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. मी शिकलेली होते, मला ठाऊक असेल असं त्यांना वाटलं असावं.

 वाचनालयात जा म्हणू? गावाला जा म्हणू? आईने एवढ्या वर्षांत सगळं म्हणून बघितलं असणार आणि शेवटी खड्याच्या तांदळापर्यंत आली असणार. मला त्यांचा भयंकर राग आला. एवढा धडधाकट माणूस, तीन मजले मॉनिटर वाहून नेणारा, आणि त्याला जगायला मी स्टुलावर बसायला हवी! त्या रागातच मला त्यांची एवढी माया आली की मला तिथे थांबवेना. मी चप्पल घातली. "आलेच," म्हणाले. कुठे चाललीस असं त्यांनी विचारलं नाही. जिना उतरताना मी त्या प्रश्नाची वाट बघत होते.

नाक्यावरच्या दुकानात पैसे टाकून बोलायचा लाल फोन होता. समोर गिरणीच्या जागेवर टॉवरचा पाया खणत होते, त्या आवाजात काही ऐकू येईना. मी एका कानात बोट घालून नंबर फिरवला. बाईंनीच उचलला.

"बोल! पहिल्या तारखेला येतेस ना?"

"नाही जमणार," मी म्हणाले.

"का ग? पगाराचं काही असेल तर बोलू."

"पगाराचं नाही. घरी वडील असतात."

बाईंचा आवाज एकदम हळू झाला. "आजारी आहेत का?"

हो म्हटलं असतं तर सोपं झालं असतं. त्यांना कळलं असतं, मलाही.

"नाही," मी म्हणाले. "चांगले ठणठणीत आहेत."